मिसळणाच्या डब्यातले कपॅसिटर

लातुरात आमच्या गल्लीत माझ्या दोन ओळखी होत्या. क्लासमधल्या फिजिक्सच्या मॅडम, ही एक. म्हाताऱ्या सासऱ्यांना घराबाहेर झोपवणारी सून, ही दुसरी. पहिली मिळवायला मला एम.एस्सी. करावी लागली, दुसरी घरबसल्या मिळाली.

खरं तर मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कुणी बाहेर काढलं नव्हतं. भूकंप झाला तेव्हापासून ते घरात झोपलेच नव्हते. त्या पहाटे त्यांच्या बहिणीचं गाव पडलं. मामा अडत बाजारात धान्याची पारख करायचे. बाजारातून माणसं भरून जो पहिला ट्रक गेला त्यात ते चढले, आठवड्याने परत आले, आंघोळ केली, जेवले आणि खाट उचलून अंगणात टाकली. तेव्हा सगळं लातूरच बाहेर झोपत होतं, त्यामुळे कुणाला त्यात काही वाटलं नाही. मग हळूहळू लोक आत गेले. आधी लेकरं, मग बायका, मग टीव्ही. मामा गेले नाहीत. सासूबाई आजाराने वारल्या, मुलाचं लग्न होऊन मी आले, घरावर दुसरा मजला चढला, तरी खाट अंगणातच राहिली. पावसाळ्यात ती पत्र्याखाली सरकायची, एवढाच फरक.

समोरच्या काकूंचा यावरचा हिशेब सोपा होता. आमच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर होऊ घातलेल्या मुली भाड्याने राहत होत्या. म्हणजे खोल्या भाड्याला आणि म्हातारा अंगणाला. "मॅडम, मामांच्या खोलीत किती पोरी ठेवल्यात ह्या वर्षी?" असं त्या मला भाजीवाल्यासमोर चारचौघींत विचारायच्या. मामांची खोली खालच्या मजल्यावर होती, रिकामी होती आणि रोज झाडली जात होती. लातुरात रिकामी खोली ठेवणं हा केवढा गुन्हा आहे ते बाहेरच्यांना कळायचं नाही. जून महिन्यात क्लाससाठी लेकरांना घेऊन आलेले पालक रस्त्यात उभे राहून लोकांच्या खिडक्या न्याहाळत. मामांच्या खोलीची बंद खिडकी पाहून बिलोलीहून आलेले एक गृहस्थ मला म्हणाले होते, "ताई, देवघर असलं तरी चालंल. पोरगी ॲडजस्ट करंल."

एका थंडीत मामांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की पुढची थंडी यांनी बाहेर काढायची नाही, काढली तर माझ्याकडे आणू नका. डॉक्टर सुनेला बाजूला घेतात, मुलाला घेत नाहीत, हेही इथे नोंदवून ठेवते. मुलगा, म्हणजे माझा नवरा, बँकेत होता आणि "आण्णा, आत झोपा" हे वाक्य तो वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास म्हणायचा. मामा "बघू" म्हणायचे. दोघांचंही कर्तव्य पार पडायचं.

पुढच्या थंडीपर्यंत उन्हाळा आणि पावसाळा एवढाच अवकाश होता. तेवढ्यात म्हाताऱ्याला आत आणायचं होतं, आणि ते काम माझ्यावर येऊन पडलं होतं. मामा घराला भितात हे मी धरून चालले होते. सगळेच धरून चालले होते. मग मी विचार केला, की त्यांच्या वतीने रात्रभर जागं राहणारं काहीतरी त्यांच्या उशाशी ठेवलं, तर ते निवांत आत झोपतील. हादरा बसला की ओरडेल असं एक छोटं यंत्र.

हे माझ्या डोक्यात येण्याला कारण होतं. माझं माहेर नांदेडचं. वजिराबादेत बाबांचं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मी शाळेचा अभ्यास डाग देताना जळणाऱ्या राळेच्या धुरात केला आहे. पोरी भातुकली खेळत त्या वयात मी मेलेल्या रेडिओंमधून रेझिस्टर उपटून त्यांच्या रंगीत पट्ट्यांवरून त्यांना ओळखायची. पुढे फिजिक्स घेतलं ते त्याच ओढीने, आणि नोकरी लागली ती क्लासमध्ये, जिथे फिजिक्सचा आणि वस्तूंचा काही संबंध नसतो. मी दिवसभर फळ्यावर रोधांच्या जोडण्या सोडवायची. शेकडो पोरं त्या मिनिटभरात सोडवायची. एकदा हौसेने मी वर्गात खरा रेझिस्टर घेऊन गेले. पहिल्या बाकावरच्या पोराने तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "मॅम, हे परीक्षेला येतं का?" दुसऱ्या दिवशी क्लासच्या मालकांनी मला बोलावून प्रेमाने सांगितलं, की मॅडम, असल्या गोष्टींत सिलॅबस मागे पडतो.

तर मी यंत्र करायला घेतलं. फोन उभा आहे की आडवा हे ज्या चिपला कळतं, तसलीच एक चिप हादराही ओळखते. अडचण एकच होती. ही चिप सरफेस माउंट प्रकारातच मिळते, आणि तिच्याबरोबर लागणारे कपॅसिटर-रेझिस्टरही त्याच प्रकारचे घेतले तर सगळं आगपेटीएवढ्या बोर्डावर बसतं. सरफेस माउंट म्हणजे ज्याला तारेचे पाय नाहीत असा माल. जुना माल बोर्डाच्या छिद्रात उभा राहायचा, हा बोर्डाच्या पाठीवर नुसता चिकटून बसतो. आकार राजगिऱ्याचा.

लातुरात पार्टची दुकानं होती, पण ती मिक्सर आणि टेबल फॅनवर जगणारी. एका दुकानदाराला मी कपॅसिटर मागितला तर त्याने पंख्याचा काढून दिला. मी म्हटलं, इतका मोठा नको, याहून लहान. त्याने लहान पंख्याचा दिला. मी बोटाच्या चिमटीत राजगिऱ्याएवढं माप दाखवलं, तेव्हा तो माझ्याकडे काळजीने बघत म्हणाला, "मॅडम, तेवढ्यानं पंखा फिरत न्हाई."

मग मी नांदेडला बाबांकडे गेले. त्यांनी मेलेल्या मोबाइलचा बोर्ड भिंगाखाली धरला आणि नाक मुरडलं. "बेटा, ह्याला पायच न्हाईत. धरायचं कुठून अन् डाग द्यायचा कुठं? खामखा टेबलावर मोहरी चिकटवून राहिली तू." हैदराबादला मिळेल, म्हणाले, पण तिथले लोक अख्खं रीळ गळ्यात घालतात, तुला पाहिजेत चार, आणि ते रीळ संपवायला तुझी नातवंडं लागतील. एवढं बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःचा चांगला चिमटा आणि कपाळाला बांधायचं भिंग माझ्या पिशवीत टाकलं. बाबांची नापसंती नेहमी अशीच सामान भरून देऊन व्यक्त व्हायची.

शेवटी बंगळूरच्या एका दुकानातून ऑनलाइन मागवलं. तिथे माल कापलेल्या पट्टीत मिळे: कागदाची फिल्मसारखी लांब पट्टी, तिच्यात ओळीने खळगे, प्रत्येक खळग्यात एक दाणा आणि वरून पारदर्शक पापुद्रा. चार हवे असले तरी पट्टी घ्यावी लागे, म्हणून मी पट्ट्या घेतल्या. आणि पट्ट्या घ्यायच्याच तर पोस्टेज वाया का घालवा, म्हणून आणखी घेतल्या. या छंदाची हीच गंमत आहे. यंत्राला लागणारे दाणे पोस्टाच्या तिकिटावर मावतात, आणि माणूस पुढच्या सात जन्मांचा साठा करून ठेवतो. चांगले एल.ई.डी. दिसले, घेतले. कशाला लागतील माहीत नव्हतं. साड्यांच्या दुकानातही मला इतका मोह कधी झाला नव्हता.

कुरिअरवाल्याला घर सापडेना. "मॅडम, कुठलं होस्टेल?" असं तो फोनवर विचारत राहिला, कारण आमच्या भागात होस्टेल नसलेल्या घरी पार्सल येतं हे त्याला पटत नव्हतं. तो आला तेव्हा त्याच्या डोक्यावर मिक्सर मावेल एवढं खोकं होतं. समोरच्या काकू दारात आल्या, मग गल्लीही आली. मी खोकं उघडलं. आत हवा भरलेल्या पिशव्या, त्यांच्या आत एक चंदेरी पाकीट आणि पाकिटात पट्ट्यांचं भेंडोळं. काकूंनी एका पट्टीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, "खडे हायेत का? नथीचे?" मी म्हटलं, कपॅसिटर आहेत. गल्ली निराश होऊन पांगली, आणि संध्याकाळपर्यंत बातमी झाली की मॅडमला ऑनलाइनवाल्यांनी फसवलं.

चंदेरी पाकिटावर सूचना होती, की माल ओलाव्यापासून दूर ठेवा. आमच्याकडे तेव्हा नळाला पंधरवड्याने पाणी येत होतं. लातुरात ओलाव्यापासून दूर राहायला वेगळं काही करावं लागत नाही. दुसरी सूचना स्थिर विद्युतेची होती, तिच्याकडे मी दुर्लक्ष केलं आणि पहिली चिप सिंथेटिक साडी नेसून हाताळली. चिप गेली. त्याच दिवशी सकाळी मी वर्गात स्थिर विद्युत हे प्रकरण शिकवून, टाळ्या घेऊन आले होते.

ठेवायचं कुठे हा पुढचा प्रश्न. कपॅसिटरच्या अंगावर काहीही लिहिलेलं नसतं. रेझिस्टरवर निदान तीन आकडे असतात, भिंगातून वाचता येतात. कपॅसिटर मात्र सगळे एकसारखे तांबूस. हजारपटीने वेगळे असले तरी दिसायला जुळे. त्यांची ओळख फक्त पट्टीवर चिकटवलेल्या चिठ्ठीने असते. म्हणून मी लातुरातली सर्वांत विश्वासाची वस्तू वापरली: कागदपत्रांची फाईल. प्लास्टिकचे पारदर्शक कप्पे असलेली ही फाईल आमच्याकडे प्रत्येक पोराकडे असते आणि झेरॉक्सच्या दुकानात रांगेत तिला छातीशी धरून पालक उभे असतात. मीही एक घेतली. कप्प्यांवर दुकानवाल्याने आधीच छापलेल्या पट्ट्या होत्या, त्या मी तशाच ठेवल्या. रहिवासी दाखल्याच्या कप्प्यात दहा किलोओहम, जातीच्या दाखल्यात एक मायक्रोफॅरड, उत्पन्नाच्या दाखल्यात सगळ्यांत क्षुल्लक माप, पिकोफॅरड. उत्पन्न तिथे शोभेलसंच होतं.

सोल्डरिंग करायला उन्हाळ्याची सुट्टी लागली. सुट्टी म्हणजे क्लासचे मधले थोडे दिवस; बाकी आमच्याकडे सुट्टीतही सुट्टीची बॅच असते. या छंदात पंखा लावता येत नाही. लावला की एक झुळूक आणि सगळा माल खोलीभर. मे महिन्यात, दुपारी, लातुरात, पंखा बंद करून, तापलेली सोल्डरिंगची काडी हातात धरून मी बसायची. नवरा दारातून डोकावून म्हणायचा, "बाई, तुला हौस तरी कसली लागली." शिंक आली की मी पळत अंगणात जाऊन शिंकायची. खाली पडलेला दाणा शोधायला गुडघ्यावर बसून फरशीवर टॉर्च तिरका धरावा लागे, आणि सापडायची नेहमी खसखस.

मामा हे सगळं अंगणातून पाहत होते. त्यांना मी यंत्र कशासाठी ते सांगितलं नव्हतं. आधी सांगितलं असतं तर ते "बघू" म्हणाले असते. त्यांना एवढंच दिसत होतं, की सुनेने काहीतरी बारीक माल आणलाय, तो पिशव्यांतच पडून आहे, आणि ती रोज त्यातला एकेक दाणा वेचत घाम गाळत बसते.

एक दिवस मी क्लासहून आले तर मामा खुशीत होते. मांडीवर सूप होतं. "सूनबाई, तुजा माल नीट करून ठिवला," ते म्हणाले.

समोर मिसळणाचा डबा होता. स्टीलचा, गोल, आत सात वाट्या. माझ्या माहेरून आलेला. मोहरी, जिरं, हळद बाहेर काढून कागदावर ठेवली होती. वाट्यांमध्ये माझे कपॅसिटर होते. त्यांनी फाईलमधली एकूण एक पट्टी बाहेर काढून वरचा पापुद्रा नखाने सोलला होता, दाणे ताटात पाडले होते, सुपात हलक्या हाताने घोळले होते आणि मग पारखून वेगळे केले होते. काळे एका वाटीत. तांबूस बारीक एकात, तांबूस जाड एकात, पांढरट एकात. मोडकं-तुटकं बाजूला. सोललेल्या पट्ट्या आणि त्यांच्यावरच्या माझ्या चिठ्ठ्या त्यांनी बंबात घातल्या होत्या.

"पाकिटात कोंदटतो माल," ते समजावून म्हणाले. "कीड लागती. घरी आल्यावर आधी पोतं फोडायचं, माल वारा खाऊ द्यायचा, मंग भरायचा. तुला कुणी शिकवलंच न्हाई."

जन्मभर बाजारात काढलेल्या माणसाचं काय चुकलं? सांगते. धान्य तोंडाने बोलतं, कपॅसिटर बोलत नाही. पण हे मी तेव्हा म्हणाले नाही. मी "छान केलंत मामा" म्हणाले आणि न्हाणीघरात जाऊन दार लावलं. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडावा असा विचार होता, पण नळाला पाणी नव्हतं. मग नुसतीच बसले. खूप राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

नवऱ्याने डबा पाहिला आणि तो अर्धा तास हसला. मग म्हणाला, "आण्णांना काही बोलू नको." मी काय बोलणार होते?

पुन्हा मागवायचं तर आठ-दहा दिवस गेले असते आणि पुढची बॅच सुरू होत होती. तेव्हा मी जे केलं ते केवळ लातुरातली मास्तरीणच करू शकते. वाटीत तांबूस बारीक दाणे होते, त्यांच्यात चारच प्रकारच्या व्हॅल्यू मिसळलेल्या होत्या. वर्षानुवर्षं पोरांना शिकवून माझ्याही हाडीमाशी मुरलं होतं, की चार पर्यायांतला एक बरोबर असतोच, आणि वेळ कमी असेल तर अंदाज करावा, पुढे जावं. मी अंदाज केला. चिमट्याने उचलले, चिकटवले, पुढे गेले.

यंत्रातला हा कपॅसिटर ठरवतो, की कोणता हादरा खरा मानायचा आणि कोणता सोडून द्यायचा. मी उचललेले कपॅसिटर अतिशय हळव्या मनाचे निघाले. दुपारी गल्लीत पाण्याचा टँकर शिरला, आणि यंत्राने अशी बोंब ठोकली की समोरच्या काकू घागर टाकून पळाल्या. वरच्या मजल्यावरून मुली धावत खाली आल्या. पायात चपला नव्हत्या, पण प्रत्येकीच्या हातात प्रश्नसंच होता. एक हदगावची मुलगी तर रस्त्यावर उभी राहूनही पानात बोट घालून होती, पान हरवू नये म्हणून. सगळे बाहेर पळत असताना मामा मात्र खाटेवरून उठून उलटे आत धावले, जिन्यापर्यंत गेले. म्हाताऱ्याला गोंधळात दिशा कळली नाही असं मला वाटलं, मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. टँकरवाला हॉर्न वाजवत विचारत होता, पाणी पाहिजे की नाही.

गल्ली शांत झाल्यावर मामांनी विचारलं, "ह्ये काय हुतं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं, की भूकंप ओळखायचं यंत्र आहे, आणि ते खोटं का वाजलं तेही सांगितलं. चिठ्ठ्या बंबात गेल्या हे सांगताना मी शब्द फार सांभाळले, तरी त्यांना कळायचं ते कळलं. ते सुपाच्या काठावर बोट फिरवत होते. माफी वगैरे मागणं त्यांच्या पिढीला येत नाही. ते म्हणाले, "पोत्यावर लिवल्यालं बाजारात कधी खरं मानत न्हाईत. माल काय हाय त्ये मालानंच सांगाया पायजे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "ह्याला तपासायची सोय असंल की न्हाई काई?"

सोय होती. मीटरच्या दोन टोकांत एकेक दाणा धरायचा, आकडा बघायचा. एका वाटीत किती दाणे असतील ते मी मोजायलाही घेतलं नव्हतं. मामा म्हणाले, "बस मंग."

त्या पावसाळ्याच्या दुपारी आम्ही दोघं पंखा बंद करून मिसळणाच्या डब्यापुढे बसायचो. पाऊस त्या वर्षीही लातूरला विसरलाच होता, त्यामुळे उकाड्याला तोटा नव्हता. मामांनी बाबांचं भिंग कपाळाला बांधलं होतं. दाणा ते उचलायचे, टोकं मी लावायची. त्यांचा हात एरवी चहाचा कप धरतानाही कापायचा, पण चिमटा धरला की स्थिर व्हायचा. आकडा वाचला की दाणा कोणत्या कागदात टाकायचा ते मी सांगायची. दोन दिवसांत ते मला सांगायला लागले. ज्यांचा मेळ बसेना अशा दाण्यांना ते "मिसळ" म्हणायचे आणि वेगळे ठेवायचे. बोलणं असं फारसं व्हायचं नाही. समोरच्या काकू एकदा आल्या, सासरा-सून तांदूळ निवडावेत तसे काहीतरी निवडत बसलेत हे पाहिलं, आणि म्हणाल्या, "आता म्हाताऱ्याला कामाला बी लावलं का?" मामा भिंग वर करून म्हणाले, "बाई, वारा घालू नका. माल उडतो." इतकं समाधान मला त्या वर्षी दुसऱ्या कशाने झालं नाही.

मामा ज्या चिकाटीने बसत होते ते बघून माझी खात्री पटत चालली होती, की यंत्र झालं की म्हातारा आत येणार. माणूस इतका राबतो तो स्वतःसाठीच, असं मला वाटत होतं. मी गुपचूप त्यांच्या खोलीत नवी गादी भरून घेतली. जाड रजई नांदेडहून आणली. खोल्या मिळवून देणारा एजंट दारात आला, "मॅडम, ती खालची खोली यंदा तरी सोडता का?" तर मी ऐटीत म्हटलं, "त्या खोलीत आमचे मामा झोपतात."

दिवाळीच्या अलीकडे यंत्र तयार झालं. आता टँकर गेला तरी ते गप्प राहत होतं, ट्रक गेला तरी गप्प, वर मुली धपाधप चालल्या तरी गप्प. भिंतीला टेकवलेली लोखंडी खाट दोघांनी धरून गदागदा हलवली की मात्र ओरडायचं. त्या दिवशी संध्याकाळी हवेत पहिल्यांदा गारवा आला होता. मी मामांना त्यांच्या खोलीत नेलं. गादी, रजई, उशाशी फळी, फळीवर यंत्र. खाट हलवून दाखवली. ते ओरडलं.

"चांगलं झालं," मामा म्हणाले. त्यांनी यंत्र हातात घेतलं, भिंगाशिवायच त्यातले दाणे निरखले. "ह्यो आपला तांबूस बारीक. हाय का न्हाई?"

"हो. मामा, आता हे जागं राहील. तुम्ही इथे आत झोपा. डॉक्टरांनीही सांगितलंय."

त्यांनी गादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ह्ये माज्यासाठी केलंस तू?"

"मग कुणासाठी?"

"मला वाटलं तुमच्यासाठी हाय. मी तर बाहेरच असतो. बाहेरच्याला ह्येचा काय उपेग?"

मी म्हटलं, "तुम्हाला आत भीती वाटते ना, म्हणून."

"भीती कशाची?" ते खाटेच्या कडेला टेकले. आवाज अगदी साधा होता, बाजारभाव सांगावा तसा. "बहिणीच्या गल्लीत समदे आत हुते. आमी पोचलो तवा नुसती माती. घर कुठलं, दार कुठलं, माणूस कुठल्या अंगाला झोपल्यालं, सांगणारं कुणीच बाहेर न्हाई. आमी उकरलं, पण चुकीच्या जागी उकरलं. दुपारपतूर तिचा आवाज येत हुता. एक तरी माणूस बाहेर पायजे. अन् त्याला ठावं पायजे कोण कुठं हाय त्ये."

मामा सांगत राहिले. वरच्या मजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत खिडकीखाली ती हदगावची झोपते, तिच्या पायथ्याशी बिलोलीची. मागच्या खोलीत दोघी आहेत, त्यातली भोकरची गणपतीपासून जमिनीवर झोपायला लागली आहे, पाठीचं दुखणं. मी घरमालकीण, भाडं घेणारी, मला यातलं काही माहीत नव्हतं.

ते उठले आणि यंत्र घेऊन आमच्या खोलीपर्यंत आले. दारात थांबले. मुलाच्या लग्नापासून त्या उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, आमच्याकडे सासरे टाकत नाहीत. बाहेर उभं राहूनच त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं.

"हितं लाव," ते म्हणाले. मग नजर खाली घालून, संकोचत, जणू काही गैर विचारतोय असं, "सूनबाई, समद्यांचं ठावं हाय मला. तुमच्या खोलीचं तेवढं न्हाई. तुजं डोकं कुठल्या भितीला असतं, त्ये सांगून ठिव."

मी सांगितलं. पूर्वेच्या भिंतीला, खिडकीपासून हातभर अंतरावर, आणि त्यांचा मुलगा माझ्या डाव्या हाताला. मामांनी मान हलवली, तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिलं, आणि त्यांच्या खोलीतून मी दिलेली रजई काखेत मारून अंगणात अंथरूण घालायला गेले.